विमानाच्या इंजिनातला गिअर, वाढत चाललेला पंखा आणि एकेका टक्क्याची किंमत

भोसरीकर_अण्णा

नमस्कार मंडळी.

चौतीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत गिअर कापण्यात गेली. आधी हॉबिंगवर, मग शेव्हिंग, शेवटची बारा वर्षं ग्राइंडिंगवर. ट्रॅक्टरचे गिअर केले, लेथचे केले, साखर कारखान्यांचे तर पुष्कळ केले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. दिवाळीत लेकीकडे बेंगळुरूला विमानानं गेलो. शेजारी एरोस्पेस शिकणारा एक मुलगा बसला होता. खिडकीतून इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, याच्यात पुढचा पंखा आणि मागची टर्बाइन यांच्या मधे गिअरबॉक्स आहे." विमान उतरेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

घरी येऊन वाचायला बसलो. प्रॅट अँड व्हिटनीचं हे इंजिन एअरबस ए३२० निओवर जानेवारी २०१६ पासून प्रवासी वाहतुकीत आहे. त्यातला गिअर सुमारे ३० हजार अश्वशक्ती पंख्याकडे पोचवतो, आणि आकार म्हणाल तर कवेत मावेल एवढा. मी केलेलं सगळ्यात मोठं चाक ऊस गाळायच्या मिलचं. जेमतेम हजार अश्वशक्तीचं काम, आणि ते टेबलावर चढवायला क्रेन लागायची.

कागदावर हिशेब मांडला. ३० हजार अश्वशक्ती म्हणजे साधारण २२ मेगावॉट. गिअर उत्तमातला उत्तम धरला, म्हणजे ९९.५ टक्के शक्ती पुढे पोचली असं मानलं, तरी उरलेला अर्धा टक्का उष्णता होऊन तेलात उतरणार. ती झाली ११० किलोवॉट. बाथरूममधले पंचावन्न गीझर एका पिंपाएवढ्या जागेत एकदम चालू केल्यासारखं. ग्राइंडिंगला आम्ही दाताच्या एकेका मायक्रॉनसाठी का भांडायचो ते मला माहीत आहे, पण हे त्याच्याही पलीकडचं आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, एवढा खटाटोप करायची गरज का पडली? दोन, तो गिअर टिकतो कसा? तीन, यातून इंधन नक्की किती वाचतं आणि त्याची किंमत कोण मोजतं? इथं जाणकार आहेत, सविस्तर लिहा. मला घाई नाही.

---

मंजिरी_सांगली

अण्णा, पहिल्या प्रश्नाचं मी लिहिते. अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवते आणि हा भाग मला फार आवडतो.

आमच्याकडे कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात. होडी पुढे जाते कारण वल्हं पाणी मागे ढकलतं. आता दोन रीती बघा. अरुंद वल्ह्यानं थोडंसं पाणी जोरात फेकायचं, किंवा रुंद वल्ह्यानं भरपूर पाणी सावकाश ढकलायचं. होडीला रेटा दोन्हींत सारखाच मिळू शकतो, कारण रेटा म्हणजे दर सेकंदाला ढकललेलं वस्तुमान गुणिले वेगातला फरक. पण मागे फेकलेल्या पाण्यात जी गतिज ऊर्जा वाया जाते ती वेगाच्या वर्गावर अवलंबून. म्हणून थोडं पाणी जोरात फेकणारा लवकर दमतो.

विमानाचंही हेच. समजा विमान सेकंदाला २४० मीटर वेगानं चाललंय. इंजिनातून झोत ६०० मीटरनं बाहेर पडला तर रेटा निर्माण करण्याची कार्यक्षमता येते २ भागिले (१ + ६००/२४०), म्हणजे ५७ टक्के. तोच झोत ३२० मीटरवर आणला तर ८६ टक्के! फक्त मग प्रत्येक किलो हवेमागे वेगातला फरक ३६० ऐवजी ८० उरतो, म्हणून तेवढ्याच रेट्यासाठी साडेचार पट हवा लागते. एवढी हवा आणायची तर पुढचा पंखा मोठा करावा लागतो. गाभ्यातून, म्हणजे जिथं इंधन जळतं तिथून, थोडी हवा जाते आणि बाकीची सगळी बाजूनं वळसा घालून जाते. या दोन्हींच्या गुणोत्तराला बायपास रेशो म्हणतात. आधीच्या पिढीतल्या सीएफएम ५६ इंजिनात तो पाच-सहा होता. तुम्ही पाहिलेल्या इंजिनात बाराच्या घरात आहे.

वर्गात हे गणित फळ्यावर सोडवलं की एक तरी मूल विचारतंच, मग पंखा दहा मीटरचा का नाही करत? त्याचं उत्तर यंत्रातल्या माणसांनी द्यावं.

---

डर्बीत_मुक्काम

मंजिरीताई, सुंदर लिहिलंत. अण्णा, मी मूळचा चिंचवडचा, सतरा वर्षं इंग्लंडमध्ये डर्बीत आहे, टर्बाइनच्या थंडाव्यावर काम करतो. गिअरची गरज का पडली ते सांगतो.

एरवी पंखा आणि त्याला फिरवणारी मागची टर्बाइन, म्हणजे तप्त वायूनं फिरणारी पात्यांची चक्रं, एकाच दांड्यावर असतात. टर्बाइन लहान व्यासाची, तिला जोरात फिरायला आवडतं. पंखा मोठा, त्याला सावकाश फिरायचं असतं. तुमच्या इंजिनात पंख्याचा व्यास २.०६ मीटर, म्हणजे परीघ साडेसहा मीटरच्या आसपास. टर्बाइन मिनिटाला सुमारे १० हजार फेरे घेते. त्याच वेगानं पंखा फिरवला तर पात्याचं टोक सेकंदाला हजार मीटरच्या पुढे जाईल, ध्वनीच्या तिप्पट. आवाज, धक्कालहरी, पात्यावरचा ताण, सगळंच हाताबाहेर. गिअरनं ते फेरे तिसऱ्या हिश्शावर येतात आणि टोकाचा वेग साडेतीनशेच्या आसपास राहतो.

गिअर नसेल तर काय करतात? टर्बाइनला पंख्याच्या वेगाशी जुळवून घ्यायला लावतात. सावकाश फिरणारी टर्बाइन प्रत्येक टप्प्यात कमी शक्ती काढते, म्हणून टप्पे वाढवावे लागतात. ए३२० निओला दुसरं इंजिन मिळतं ते सीएफएमचं लीप. त्यात गिअर नाही, आणि पंखा फिरवणाऱ्या टर्बाइनचे सात टप्पे आहेत. प्रॅटच्या इंजिनात तीनच. चार टप्पे म्हणजे शेकडो महागडी पाती. ती वाचली आणि त्यांच्या जागी तुमचा गिअर आला.

गंमत अशी की दोघंही इंधनाच्या बाबतीत जवळपास एकाच जागी पोचले, आधीच्या पिढीपेक्षा साधारण १५ टक्के कमी. एकानं गिअरवर भर दिला. दुसऱ्यानं पंख्याची पाती कार्बन तंतू त्रिमितीत विणून केली, गाभ्यात सिरॅमिकचे भाग बसवले, इंधनाच्या नोझलचं टोक थ्रीडी प्रिंटिंगनं केलं. आधी वीसएक तुकडे जोडून होणारी वस्तू तिथं एकसंध येते. एकाच उंबरठ्यावर दोन वेगळ्या रस्त्यांनी पोचलेली ही माणसं आहेत आणि मला दोघांबद्दल सारखाच आदर आहे.

---

भोसरीकर_अण्णा

धन्यवाद दोघांना. हजार मीटरचा आकडा मी स्वतः गुणून पाहिला, बरोबर येतो.

गिअरबद्दल अजून विचारतो. मधे सूर्य म्हणतात ते चाक, भोवती ग्रह म्हणजे छोटी चाकं, बाहेर दात असलेलं कडं, एवढं कळलं. पण ग्रहांना धरणारा पिंजरा बांधलेला आहे की फिरता? त्यावर सगळं बदलतं.

---

डर्बीत_मुक्काम

अगदी मुद्द्याचा प्रश्न. प्रॅटच्या इंजिनात पिंजरा पक्का बांधलेला, मधली चाकं जागच्या जागी फिरतात, आणि बाहेरचं कडं पंख्याला फिरवतं. पंखा त्यामुळे टर्बाइनच्या उलट दिशेनं फिरतो. गुणोत्तर तीनला एक. रोल्स-रॉइसच्या अल्ट्राफॅन या प्रायोगिक इंजिनात उलट. तिथं कडं बांधलेलं आणि पिंजरा फिरता, पंखा पिंजऱ्याला जोडलेला. त्यानं गुणोत्तर चारपर्यंत नेता येतं, पण मग ग्रह स्वतःभोवतीही फिरतात आणि सूर्याभोवतीही, म्हणजे त्यांच्या बेअरिंगवर केंद्रापासून दूर ओढणारा जोर येतो. अल्ट्राफॅनच्या गिअरबॉक्सनं चाचणीत ६४ मेगावॉट पार केले आहेत. तुमच्या गीझरच्या हिशेबात याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

दात दुहेरी तिरके आहेत, माशाच्या काट्यासारखे. दोन्ही बाजूंचा अक्षाच्या दिशेचा रेटा एकमेकांना मारतो.

---

भोसरीकर_अण्णा

म्हणजे हेरिंगबोन. ते ग्राइंड करायचं म्हणजे मधे चाकाला बाहेर पडायला जागा सोडावी लागते, आणि दोन्ही बाजूंचे दात एकमेकांशी अचूक जुळावे लागतात. जुळले नाहीत तर एक बाजू सगळा भार घेते आणि दुसरी नुसती फिरते. आम्ही दाताला निळं लावून चाक हातानं फिरवायचो आणि निळा डाग कुठं उमटतो ते बघायचो. डाग दाताच्या मधोमध, लांबट आणि सारखा आला पाहिजे. टोकाला आला की समजायचं, हा गिअर एक दिवस कोपऱ्यातून तुटणार. पाच-पाच चाकांना भार सारखा वाटून द्यायचा, तोही बाहेरचं सगळं आवरण हवेत वाकत असताना! ज्यांनी हे जमवलं त्यांनी पिंजरा थोडा लवचीक केला असणार. केलाय का?

---

डर्बीत_मुक्काम

केलाय. गिअरचा संच लवचीक आधारांवर बसवलेला असतो, म्हणजे इंजिन वाकलं तरी दात एकमेकांना सरळच भेटतात. यावर प्रॅटची वीसएक वर्षं गेली. तुम्ही ते निळ्या डागावरून ओळखलंत, मला फार आनंद झाला.

---

हँगर_क्रमांक_दोन

अण्णांच्या तिसऱ्या प्रश्नावर मी बोलतो. मी मुंबईत विमानांच्या देखभालीत आहे, बावीस वर्षं झाली. इंजिन कागदावर कसं आहे ते हे दोघं सांगतायत. ते विमानाला लावल्यावर कसं वागतं ते आमच्या वाट्याला येतं.

इंधन वाचवायचे मार्ग दोन. एक मंजिरीताईंनी सांगितला, पंखा मोठा करा. दुसरा, गाभा जास्त तापवा आणि जास्त दाबावर चालवा, म्हणजे जळणातून जास्त काम निघतं. लीपमध्ये हवा सुमारे ४० पट दाबली जाते. बोइंग ७७७ एक्ससाठीच्या जीई ९एक्समध्ये ६० पट. आता ६० पट दाबलेली हवा उड्डाणाच्या वेळी स्वतःच सातशे अंशांच्या घरात तापते. आणि टर्बाइनची पाती थंड ठेवायला हीच हवा वापरायची असते! जळण झाल्यावरचा वायू तर पात्याच्या धातूच्या वितळबिंदूच्याही वर असतो. पातं टिकतं ते आतल्या बारीक नाळ्यांतून आणि पृष्ठभागावरच्या सुईएवढ्या छिद्रांतून वाहणाऱ्या हवेमुळे, आणि वरच्या सिरॅमिकच्या लेपामुळे.

आता ही छिद्रं बोरोस्कोपनं, म्हणजे इंजिनात घालायच्या बारीक नळीच्या कॅमेऱ्यानं, बघण्याचं काम माझं. रात्री दोनला, पार्किंगमध्ये, पडद्यावर एकेक पातं सरकत येतं. धुळीच्या भागात फिरणाऱ्या इंजिनाचं पातं बघितलं की लगेच कळतं. पुढच्या कडेला लेप सुटलेला असतो, पावसाळ्यानंतर भिंतीचे पोपडे निघावेत तसा. काही छिद्रांच्या तोंडाशी काचेसारखा चिकट थर. धूळ म्हणजे चुना, मॅग्नेशियम, ॲल्युमिना आणि वाळू. बाराशे अंशांच्या आसपास ती वितळते, पात्यावर बसते, छिद्रं बुजवते. छिद्र बुजलं की त्या जागी पातं जळायला लागतं. युरोपातल्या थंड, स्वच्छ हवेत जे इंजिन वर्षानुवर्षं पंखाखाली, म्हणजे विमानाला लावलेलं, राहतं, तेच आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत कितीतरी आधी उतरवावं लागतं.

म्हणून माझं ठाम मत आहे. संशोधनाचं यश फक्त वाचलेल्या इंधनात मोजू नये. इंजिन किती तास पंखाखाली राहिलं तेही त्याच कागदावर लिहावं. १५ टक्के इंधन वाचवणारं इंजिन शॉपमध्ये पडून असेल आणि विमान इंजिनाविना उभं असेल, तर वाचलं काय? तशी उभी विमानं मी रोज पाहिली आहेत. इंजिनाच्या जागी पिवळे वजनाचे ठोकळे टांगलेले असतात, म्हणजे पंखाचा तोल राहावा.

---

तिसरं_वर्ष

दादा, २०२३ मध्ये या इंजिनांची विमानं जमिनीवर उभी राहिली, ते गिअरमुळे झालं ना? आमच्या कॉलेजात सगळे तसंच म्हणतात.

---

हँगर_क्रमांक_दोन

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अण्णांच्या गिअरवर उगाच बोल लागतो.

२०१६ मध्ये या पिढीच्या इंजिनांना सुरू व्हायला वेळ लागायचा. बंद केल्यावर आतला दांडा वरून गरम आणि खालून थंड राहतो, म्हणून किंचित वाकतो. तो सरळ होईपर्यंत इंजिन न पेटवता नुसतं फिरवत ठेवायचं. प्रवाशांना वाटायचं काहीतरी बिघडलंय. पुढे सील आणि ज्वलनकक्षाच्या टिकाऊपणाच्या तक्रारी आल्या. जुलै २०२३ मध्ये मोठी गोष्ट बाहेर आली ती धातूच्या भुकटीची. टर्बाइनच्या आणि कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, चकत्या निकेलच्या मिश्रधातूची बारीक भुकटी दाबून करतात. २०१५ च्या अखेरीपासून २०२१ पर्यंतच्या काही भुकटीत परके कण गेले होते. डोळ्यांना न दिसणारा एक कण चकतीत राहिला तर तिथून चीर सुरू होऊ शकते, आणि फिरणारी चकती फुटली तर तिला कुठलंही आवरण अडवू शकत नाही. म्हणून जगभर शेकडो इंजिनं वेळेआधी उतरवून तपासावी लागली. आपल्याकडे इंडिगोची कित्येक विमानं जमिनीवर उभी राहिली. गो फर्स्ट ही विमान कंपनी त्याआधीच, मे २०२३ मध्ये, बंद पडली. तिनं इंजिनं वेळेवर न मिळाल्याचं कारण दिलं, इंजिन बनवणाऱ्यांनी ते नाकारलं.

या सगळ्यात गिअर नीट चालला. जो भाग सगळ्यात नवा आणि धोक्याचा वाटत होता तो टिकला, आणि ज्या भुकटीच्या चकत्यांचं तंत्र दशकानुदशकं वापरात होतं तिथं घात झाला.

---

डर्बीत_मुक्काम

हे वाचून मला आमच्या गावाची जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ती अजून येते. १९६० च्या दशकात रोल्स-रॉइसनं आरबी २११ इंजिनासाठी पंख्याची पाती कार्बन तंतूंची करायची ठरवली. हलकी, मोठी, फार सुरेख कल्पना. पक्षी आदळण्याची चाचणी घेतली तेव्हा पाती टिकली नाहीत. टायटॅनियमकडे परत जावं लागलं, खर्च हाताबाहेर गेला, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीच बुडाली. सरकारनं ताब्यात घेऊन ती वाचवली.

कल्पना चुकीची नव्हती. जीईनं १९९५ मध्ये बोइंग ७७७ वर जीई ९० इंजिन आणलं ते कार्बन तंतूंची पाती घेऊनच, कडेला धातूची धार लावून. मधली पंचवीस वर्षं राळ, तंतू विणण्याची रीत आणि चाचण्या यांत गेली. आणि मे २०२३ मध्ये अल्ट्राफॅन पहिल्यांदा चालवलं तेव्हा इथं डर्बीतच, कार्बन-टायटॅनियमच्या पात्यांचा साडेतीन मीटरचा पंखा फिरला. त्या दिवशी गावात पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या पात्यांची आठवण बऱ्याच जणांनी काढली.

---

तिसरं_वर्ष

मंजिरीताईंच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न राहिलाच. पंखा दहा मीटरचा का नाही?

---

मंजिरी_सांगली

राहिला खरा. मी मध्यंतरी वाचलं ते लिहिते, चूक असेल तर सांगा.

पंखा मोठा झाला की त्याभोवतीचं नळकांडं मोठं होतं, त्याचं वजन वाढतं आणि त्याला घासून जाणाऱ्या हवेचा विरोध वाढतो. एका मर्यादेनंतर पंख्यानं कमावलेलं नळकांडं खाऊन टाकतं. शिवाय इंजिन जमिनीला टेकू नये हेही आहेच. बोइंग ७३७ जमिनीला जवळ असलेलं विमान, त्याच्या मॅक्सवर लीपचा पंखा १.७६ मीटरचाच ठेवावा लागला, तरी इंजिन पुढे आणि वर सरकवावं लागलं. त्यानं विमानाची वागणूक बदलली, ती सावरायला एक स्वयंचलित प्रणाली घातली, आणि त्या प्रणालीमुळे २०१८ आणि २०१९ मध्ये दोन विमानं पडून ३४६ माणसं गेली. मुलांना मी हे मुद्दाम सांगते. पंख्याच्या व्यासाचा निर्णय विमानाच्या चाकांपासून वैमानिकाच्या हातापर्यंत जाऊन पोचतो.

---

डर्बीत_मुक्काम

चूक काहीच नाही. मग पुढचा विचार असा आला की नळकांडंच काढून टाकू.

तोही नवा नाही. १९७० च्या दशकातल्या तेलाच्या धक्क्यानंतर जीईनं जीई ३६ नावाचं उघड्या पात्यांचं इंजिन केलं. उलटसुलट फिरणाऱ्या पात्यांच्या दोन रांगा. ऑगस्ट १९८६ मध्ये ते बोइंग ७२७ ला लावून उडवलं, पुढच्या वर्षी एमडी-८० ला. इंधनाची बचत खरोखर मोठी होती. पण १९८६ मध्येच तेल स्वस्त झालं, आवाजाचा प्रश्न होता, विमान कंपन्यांचा रस संपला, आणि ते काम थांबलं.

आता जीई आणि फ्रान्सच्या साफ्राननं सीएफएम या आपल्या जोडकंपनीमार्फत जून २०२१ मध्ये राइज नावाचा कार्यक्रम जाहीर केला. पंखा उघडा, व्यास चार मीटरच्या आसपास. दोन फिरत्या रांगांऐवजी पुढे एक फिरती रांग आणि मागे स्थिर पाती. पुढची रांग हवेला जो पीळ देते तो मागची पाती सरळ करून त्यातून रेटा काढतात. आजच्या चांगल्यात चांगल्या इंजिनापेक्षा २० टक्के कमी इंधन हे त्यांचं लक्ष्य आहे, आणि २०३० च्या दशकाच्या मध्यावर ते वापरात यावं अशी आखणी. अण्णा, त्यातही गिअर आहे.

मला स्वतःला यात सगळ्यात अवघड वाटतं ते तुटलेल्या पात्याचं. नळकांड्यात पातं तुटलं तर आवरण त्याला आत धरून ठेवतं, त्याची चाचणी स्फोटकानं पातं तोडून घेतात. उघड्या पंख्यात धरायला काहीच नाही. मग पातं तुटणारच नाही याची खात्री द्यावी लागते, आणि तरीही विमानाचा तो भाग सोसेल असा करावा लागतो. इतकी मोठी खात्री कशी द्यायची, यावर पुढची दहा वर्षं काम होणार.

---

हिशेबनीस

सगळं वाचलं, मनापासून आवडलं. पण एक शंका टोचते. प्रत्येक पिढीत इंजिन १५ टक्के कमी पितं, तरी जगातल्या विमानांचं एकूण इंधन वाढतच आलं आहे. तिकीट स्वस्त झालं की माणसं जास्त उडतात. मग हे सगळं कशासाठी?

---

मंजिरी_सांगली

तुमची शंका रास्त आहे आणि तिला नुसत्या इंजिनाच्या अंगानं उत्तर नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास, पण बाकीची क्षेत्रं विजेवर जातील तसा तो डोळ्यात भरेल. विमानाला विजेचा रस्ता जवळजवळ बंद आहे. एक किलो केरोसिनमध्ये ४३ मेगाज्यूल ऊर्जा. एक किलो चांगल्या बॅटरीत एक मेगाज्यूलच्या आसपास. विजेची मोटर कितीही कार्यक्षम धरली तरी ही दरी भरत नाही. हायड्रोजनमध्ये १२० मेगाज्यूल, पण द्रव ठेवायला उणे २५३ अंश आणि जागा चौपट. एअरबसनं २०३५ ची तारीख धरली होती, ती आता पुढे गेली आहे.

राहतं ते शेतातल्या किंवा कचऱ्यातल्या मालापासून केलेलं विमान-इंधन. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका विमानात आपल्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं देशी कच्च्या मालापासून केलेलं असं इंधन थोड्या प्रमाणात मिसळलं होतं. पण ते महाग आहे आणि पुरेसं मिळत नाही. आणि इथंच इंजिन परत येतं. महाग इंधन जितकं कमी लागेल तितकं ते परवडण्याच्या जवळ येईल. २० टक्के कमी पिणारं इंजिन म्हणजे त्या इंधनासाठी २० टक्के कमी जमीन, कमी कचरा, कमी कारखाने.

---

हिशेबनीस

कमी जमीन हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. माझी शंका पूर्ण फिटली असं म्हणत नाही, पण या दिशेनं आकडे मांडून बघतो.

---

तिसरं_वर्ष

मला यात काम करायचं आहे. घरचे म्हणतात भारतात राहून जेट इंजिनाचं काय होणार. तेजससाठी करायला घेतलेल्या कावेरी इंजिनाचं उदाहरण देतात.

---

डर्बीत_मुक्काम

कावेरी बेंगळुरूच्या जीटीआरई या सरकारी प्रयोगशाळेनं केलं, २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं, हे खरं. पण त्यातून काय अडलं ते बघ. उंचावरच्या चाचण्यांसाठी इंजिन रशियात न्यावं लागलं. एकस्फटिकी, म्हणजे सबंध एकाच स्फटिकाची, पाती ओतायचं तंत्र बाहेरचं कुणी देत नव्हतं. आता हैदराबादच्या डीएमआरएल या धातू-संशोधन प्रयोगशाळेनं ती पाती केली आहेत, २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. चाकणला जीईच्या कारखान्यात आणि विक्रोळीला गोदरेजकडे जेट इंजिनांचे भाग होतात. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या बोइंग विमानांची इंजिनं दुरुस्तीसाठी उघडतात. इंजिन म्हणजे एक शोध नसतो. धातू, लेप, दात, तेल, मोजमाप, असं हजार माणसांचं काम असतं. तू धातुशास्त्र किंवा उष्णतावहन धर, आणि सुट्टीत एखाद्या गिअरच्या शॉपमध्ये उभा राहा. अण्णांसारख्यांकडून जे मिळेल ते मला इथं येऊनही पाच वर्षांनी कळलं.

---

हँगर_क्रमांक_दोन

आणि एकदा रात्रपाळीला बोरोस्कोप करणाऱ्याच्या शेजारी बस. डिझाइन करताना ते पोपडे डोळ्यांपुढे राहतील. बाळा, मला मेसेज कर, परवानगी मिळते का बघतो.

---

भोसरीकर_अण्णा

मुला, माझ्याकडेही ये. घरी एक जुना पिनियन आणि निळ्याची डबी ठेवली आहे, डाग कसा वाचायचा ते दाखवतो.

आता माझा शेवटचा प्रश्न. गिअरच्या चाकांना बॉल-रोलर नसून साधी जर्नल बेअरिंग आहेत असं वाचलं, म्हणजे दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. ते मला पटलं, एवढ्या भाराला तेच टिकेल. पण तेलाचा दाब गेला की तो पापुद्रा क्षणात जातो आणि धातू धातूला लागतो. मी अशी जळालेली बेअरिंगं हातात धरली आहेत, निळी-काळी पडलेली. विमान रात्रभर उभं असताना वाऱ्यानं पंखा फिरतो, तो मी स्वतः डोळ्यांनी पाहिला. इंजिन बंद, तेलाचा पंप बंद, आणि गिअर फिरतोय. तेव्हा काय?

---

हँगर_क्रमांक_दोन

अण्णा, तुमच्या या प्रश्नावर त्यांनी एक वेगळा पंप बसवला आहे. मुख्य पंप गाभ्यावर चालतो. हा छोटा पंप पंख्याच्या बाजूनं फिरतो. वाऱ्यानं पंखा फिरला की तोही फिरतो आणि गिअरच्या बेअरिंगांना तेल देतो. हवेत इंजिन बंद पडून पंखा नुसता वाऱ्यावर फिरत राहिला तरी हेच. विमान एकदम खाली गेलं आणि टाकीतलं तेल वर उडालं, तर एक झडप आपोआप बदलते आणि तेवढ्या क्षणांसाठी तेल दुसरीकडून येतं.

जास्त वेळ विमान उभं राहणार असेल तर आम्ही पंख्याच्या तोंडावर झाकण लावतो, मग तो फिरतच नाही.

---

भोसरीकर_अण्णा

वाऱ्यानं फिरेल तर वाऱ्यानंच तेल मिळेल. वा. ज्यानं कुणी ही सोय केली, त्यानं कधीतरी एखादं जळालेलं बेअरिंग हातात धरलेलं असणार.